बिडाचा ब्लॉक, पुराचे पाणी

आऊटबोर्ड मोटरचा ब्लॉक म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्याभोवती खेळणाऱ्या पाण्याच्या वाटा ज्यात कोरलेल्या असतात तो ओतीव भाग. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेल्या या यंत्रात सर्वांत वर इंजिन, त्याखाली उभा दांडा आणि तळाशी पाण्यात बुडालेले गिअर व पंखा अशी रचना असते. शेतावरच्या पंपाच्या इंजिनात क्रँक आडवा असतो. इथे तो उभा असतो, म्हणून सिलिंडर आडवे पडतात आणि एकापेक्षा जास्त असले तर बहुधा एकावर एक बसतात. जुन्या आऊटबोर्ड बहुतेक टू-स्ट्रोक आहेत. त्यांत हवा, पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरते, पिस्टन क्रँककडे सरकताना तिथे दाबले जाते आणि सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांमधून पुढे ढकलले जाते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस फक्त क्रँक आणि तेल सांभाळते. टू-स्ट्रोकमध्ये तीच पंपाचे काम करते. त्यामुळे या इंजिनाला दोन ठिकाणी हवाबंद राहावे लागते, पिस्टनच्या पुढे आणि मागेही. नवीन प्लग, स्वच्छ कार्ब्युरेटर, चांगली ठिणगी असूनही मोटर सुरू होत नाही तेव्हा बऱ्याचदा दोष या दुसऱ्या ठिकाणी असतो, आणि तो सर्वांत शेवटी सापडतो.

जुन्या मोटरचे बाकीचे भाग शोधले तर मिळतात. कॉइल, कंडेन्सर, बेअरिंग, रिंगा, पंपाचा रबरी इंपेलर दुसऱ्या यंत्राचे जुळवूनही घेता येतात. ब्लॉक मात्र त्याच मॉडेलचा लागतो, आणि अनेकदा ते मॉडेल सोडाच, कंपनीच उरलेली नसते. इंग्लंडमधल्या ब्रिटिश सीगलचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. एव्हिनरूड आणि जॉन्सन या मोटरी बनवणारी अमेरिकेतली आऊटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली; ती नावे पुढे बॉम्बार्डियरकडे आली आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचे उत्पादनही बंद झाले. ब्लॉक वाचला तर मोटर वाचली, एवढा हा हिशेब सरळ आहे. तो वाचवण्यात वेल्डिंगपेक्षा मोजमापाचा वाटा मोठा असतो. घाईघाईने वेल्ड करून वाया घालवलेले ब्लॉक तड्यांमुळे वाया गेलेल्यांपेक्षा कमी नसावेत.

लोखंडाकडून ॲल्युमिनियमकडे

नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये मिल्वॉकी शहरात आपली मोटर विकायला काढली. दीड अश्वशक्ती, ६२ पौंड वजन, ६२ डॉलर किंमत. त्याआधी कॅमेरॉन वॉटरमन यानेही अशी मोटर बाजारात आणली होती, पण या धंद्याला खरे पाय एव्हिनरूडमुळे फुटले. त्या काळचे सिलिंडर बिडाचे. १९२१-२२ च्या सुमारास एव्हिनरूडची ‘एल्टो’ आणि जॉन्सन बंधूंची ‘लाइट ट्विन’ या दोन मोटरींनी ॲल्युमिनियम सढळ हाताने वापरले आणि वजन एकदम उतरले. जॉन्सनची दोन सिलिंडरची मोटर अवघ्या ३५ पौंडांची होती. पुढे जपानी कंपन्या आल्या. यामाहाची पहिली आऊटबोर्ड १९६० ची, सुझुकीची १९६५ ची. भारताच्या किनाऱ्यांवर, विशेषतः केरळ आणि गोव्यात, पारंपरिक होड्यांना १९८० च्या दशकात ज्या मोटरी मोठ्या प्रमाणावर लागल्या त्यांत जपानी मोटरींचा भरणा मोठा होता.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. त्याचा बराच भाग ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात धातूत विखुरलेला असतो. हे पापुद्रे बिडाचे गुण आणि अवगुण दोन्ही ठरवतात. घर्षण होताना ते वंगणासारखे उपयोगी पडतात, तेल धरून ठेवतात, कंपने शोषतात. आणि धातू ताणला गेला की तडा त्यांच्याच वाटेने धावतो. बीड वाकत नाही, फुटते. ॲल्युमिनियमचे वजन बिडाच्या जेमतेम चाळीस टक्के आणि उष्णता वाहून नेण्यात ते सरस, पण पिस्टनच्या रिंगा त्याला थेट घासू लागल्या तर थोड्याच तासांत सिलिंडर खाऊन टाकतात. म्हणून नंतरच्या बहुतेक ब्लॉकांमध्ये ॲल्युमिनियम ओततानाच आत बिडाची नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवलेली असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. पाणी मिळाले नाही आणि इंजिन तापले, तर बाहेरचा ब्लॉक स्लीव्हपासून सुटू पाहतो आणि आतला ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगून त्याच स्लीव्हमध्ये अडकतो.

ब्रिटिश सीगलसारख्या मोटरींनी बिडाचा सिलिंडर पुष्कळ काळ सोडला नाही. त्या जड, धूर ओकणाऱ्या, दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल पिणाऱ्या. पण त्यांचा सिलिंडर गावातला कोणताही बोरिंगवाला हाताळू शकतो. दुरुस्तीच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे आणि हलकेपणाच्या कौतुकात तो विसरला जातो.

चांद्याचे लोखंड

बीड कशापासून होते हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात नव्याने सांगावे लागत नाही. जुन्या चांदा जिल्ह्यातल्या लोहारा, पिंपळगाव, देवलगाव आणि सूरजागड या टेकड्यांमधले हेमॅटाइट एकोणिसाव्या शतकापासून अहवालांत आहे. त्याआधीही इथल्या लहान मातीच्या भट्ट्यांत कोळसा आणि भाता यांच्या जोरावर लोखंड निघत होते. मात्र त्या भट्टीत लोखंड वितळत नाही. मळी आणि धातूचा स्पंजासारखा गोळा मिळतो, तो ठोकून साफ करावा लागतो. त्यातून निघते ते मऊ, कार्बन कमी असलेले घडीव लोखंड. कोयता, नांगराचा फाळ, कुऱ्हाड यांसाठी ते उत्तम. साच्यात ओतायचे बीड हवे असेल तर झोतभट्टी लागते आणि झोतभट्टीला कोक लागतो.

इथेच चांद्याचे गाडे अडले. १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल आला. खनिज उत्तम, जवळच वरोऱ्याची कोळसा खाण. वरोऱ्याच्या कोळशाची जर्मनीत तपासणी झाली आणि तो कोक करायला नालायक ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या वतीने सी. एम. वेल्ड यांनी लोहाऱ्याची पुन्हा पाहणी केली. शेवटी कारखाना साकचीला, आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. चांद्याचे खनिज जागेवरच राहिले.

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडचा ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला मिळाला. ज्या टेकडीवर खाण आहे ती परिसरातल्या माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाची. जानेवारीत तिथे यात्रा भरते, आणि खाणीला इलाख्यातल्या ग्रामसभांचा विरोध राहिला आहे. हा विषय स्वतंत्र लेखाचा. धातूपुरते सांगायचे तर इथले खनिज कंपनीच्या घुग्घूसच्या कारखान्यात स्पंज आयर्नसाठी जाते. त्या पद्धतीला कोक न होणारा कोळसा चालतो. मात्र त्यातून पुढे पोलाद होते, ब्लॉक ओतायचे बीड नाही. बिडाच्या ओतकामाचे महाराष्ट्रातले मोठे केंद्र कोल्हापूर. तिथल्या फाउंड्रींत पिग आयर्न, भंगार आणि कोक किंवा विजेची भट्टी यांच्या जोरावर वाहनांचे आणि इंजिनांचे भाग ओतले जातात. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत ऑइल इंजिनाबरोबरच सिलिंडर बोर करणारा, लायनर बदलणारा, बिडाला पितळ भरणारा मिस्त्री तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. आऊटबोर्ड न पाहिलेला हा माणूसही जुन्या आऊटबोर्डचा ब्लॉक वाचवण्याच्या बहुतेक कामांत तयार असतो. त्याला फक्त खिडक्यांची गोष्ट आधी सांगावी लागते. ती पुढे येईल.

आगीत काय टिकते याचाही धडा याच परिसरात आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी सूरजागड खाणीच्या कामावरची ७० हून अधिक वाहने जाळली. अशा आगीत ॲल्युमिनियमचे भाग ६६० अंशांच्या आसपास वितळून ओघळतात; बिडाचा ब्लॉक सुमारे १,२०० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून सांगाड्यात तो उभा दिसतो. उभा दिसणे आणि सरळ असणे यांत मात्र फरक आहे. होडीवरच्या आगीतून निघालेल्या मोटरचेही तसेच. लाल होऊन निवलेल्या ब्लॉकची क्रँकची बैठक आणि हेडचा पृष्ठभाग सरळपट्टी लावून मोजल्याशिवाय त्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

गोडे पाणी, खारे पाणी

यंत्राच्या बोटी चंद्रपूर-गडचिरोलीच्या या पट्ट्याला नव्या नाहीत. आर्थर कॉटनच्या कल्पनेतून १८६० च्या दशकात गोदावरी आणि प्राणहिता आगबोटींना खुली करण्याची योजना सुरू झाली. हिंगणघाट भागातला कापूस नदीने पूर्व किनाऱ्यावर न्यायचा होता. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीजवळ प्राणहितेवर देवलमरी इथल्या खडकाळ अडथळ्यांना बगल देणारे कालवे आणि दरवाजे बांधायचे होते. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते. १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले आणि नदीवर पुन्हा ढिवरांचे डोंगेच उरले.

आज गडचिरोलीत आऊटबोर्डचा आवाज प्रामुख्याने पावसाळ्यात ऐकू येतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. इंद्रावती तुंबली की पर्लकोटेचे पाणी मागे फुगते, आलापल्ली-भामरागड रस्त्यावरचा पूल बुडतो आणि जवळजवळ दर वर्षी गाव तुटते. तेव्हा आपत्ती दलाच्या रबरी बोटी येतात, त्यांना बहुधा २५ ते ४० अश्वशक्तीची आऊटबोर्ड असते. पाणी ओसरले की मोटर पुढच्या जूनपर्यंत कोठारात. कोकणात याच्या नेमके उलटे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मोटर पावसाळ्यात विश्रांती घेते आणि उरलेले दहा महिने खाऱ्या पाण्यात राबते.

दोन्हीकडे ब्लॉक मरतो, पण वेगवेगळ्या रोगाने. खाऱ्या पाण्यात पाण्याच्या वाटांमध्ये मिठाचा आणि ॲल्युमिनियमच्या गंजाचा पांढरा थर साचतो, वाट अरुंद होते, थर्मोस्टॅट अडकतो. स्टेनलेसचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा ब्लॉक खाऱ्या पाण्यात एकत्र आले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि बोल्ट आपल्याच भोकात घट्ट रुततो. यासाठी मोटरला जस्ताचे बळी तुकडे लावलेले असतात. गोड्या पाण्यात जस्त पुरेसे काम करत नाही, तिथे मॅग्नेशियमचे लावतात. ही अदलाबदल करायला बहुतेक जण विसरतात.

पुराच्या पाण्यात मीठ नसते, गाळ असतो. बारीक वाळू इंपेलरची रबरी पाती झिजवते, पाण्याचा दाब उतरतो. उरलेला गाळ ब्लॉकच्या खालच्या कोपऱ्यांत बसून विटेसारखा घट्ट होतो. वरच्या सिलिंडरला पाणी सर्वांत शेवटी पोचते, म्हणून तो आधी तापतो. तरीही गडचिरोलीसारख्या ठिकाणी मोटरला सर्वांत मोठा धोका पुराचा नाही, पुरानंतरच्या नऊ-दहा महिन्यांचा आहे. सिलिंडरमध्ये राहिलेला दमटपणा बिडाच्या भिंतीवर रिंगांच्या उंचीला गंजाची रेघ काढतो आणि पिस्टन जागच्या जागी धरला जातो. चालणाऱ्या इंजिनाचा सिलिंडर तेलाच्या पातळ थराखाली असतो. बंद इंजिनाला तो थर राहत नाही.

अडकलेले इंजिन उघडताना

पहिले काम अडकलेले इंजिन जोराने न फिरवणे. दोरी ओढून, चाकावर पाना लावून किंवा गिअर टाकून पंखा फिरवून अडकलेला पिस्टन सोडवण्याच्या नादात कनेक्टिंग रॉड वाकतात आणि रिंगा खिडक्यांच्या कडांवर तुटतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचे पातळ तेल यांचे मिश्रण भरायचे आणि काही दिवस थांबायचे. मोटर आडवी-उभी करून तेल रिंगांभोवती सगळीकडे पोचेल असे पाहायचे. मग हेड काढून, सिलिंडरच्या मापाचा लाकडी ठोकळा पिस्टनवर ठेवून हलके ठोके. फ्लायव्हील पुलरनेच काढायचे; काठावर हातोडा मारला तर आतले चुंबक फुटतात किंवा क्रँकचे टोक वाकते.

ब्लॉकचे सर्वाधिक नुकसान प्रत्यक्षात बोल्ट काढताना होते. रुतलेल्या बोल्टला तेल, मग आजूबाजूच्या ॲल्युमिनियमला उष्णता, मग थोडे घट्ट करून थोडे सैल, असे पुढे-मागे करत राहावे लागते. तुटलाच तर उरलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड करतात; वेल्डच्या उष्णतेने पकड सुटते आणि नट पाना लावायला मिळतो. तेही जमले नाही तर नेमक्या मध्यावर भोक पाडून उलट्या धारेचा ड्रिल. आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेचे नवे आटे, बसवतात. जुन्या ॲल्युमिनियममध्ये हे आटे मूळच्यापेक्षा मजबूत ठरतात, म्हणून काही मिस्त्री एक बोल्ट तुटला की हेडच्या साऱ्याच भोकांना हेलिकॉइल घालून घेतात. हे शहाणपणाचे आहे.

मोजमाप आणि बोरिंग

स्वच्छ केलेला सिलिंडर डोळ्याला फसवतो. अडकून चाललेल्या इंजिनात पिस्टनचे ॲल्युमिनियम बिडाच्या भिंतीवर लिंपले जाते आणि खोल ओरखडे पडल्यासारखे दिसते. पुष्कळ ब्लॉक याच कारणाने भंगारात जातात. पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल कापसाच्या बोळ्याने फक्त त्या डागांवर लावले की ॲल्युमिनियम फसफसून निघते आणि बीड जवळजवळ जसेच्या तसे राहते. आम्ल बाहेरच्या ॲल्युमिनियमला लागता कामा नये, आणि काम संपताच पाण्याने धुऊन तेल लावायचे. त्यानंतर जे उरते ते खरे नुकसान.

मग बोअर गेज. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांना मोजतात. वर्कशॉपमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात. सिलिंडर साधारण तीन थाऊपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या आठ शतांशांच्या आसपास, जास्त लंबगोल किंवा निमुळता झाला असेल तर नुसत्या रिंगा बदलून उपयोग नाही. बोर करून मोठा पिस्टन घालावा लागतो. २० किंवा ३० थाऊ मोठे पिस्टन अनेक मोटरींना मिळतात. पिस्टन हातात येण्याआधी बोरिंग करायचे नाही. पिस्टन मोजून त्यावर कंपनीने सांगितलेली सैलाई ठेवून सिलिंडर कापतात. हा क्रम उलटा झाला की सिलिंडर एका मापाचा आणि बाजारातला पिस्टन दुसऱ्या मापाचा.

आता खिडक्यांची गोष्ट. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत मिश्रण येण्याच्या आणि धूर जाण्याच्या खिडक्या असतात आणि रिंगा मिनिटाला हजारो वेळा त्यांवरून जातात. बोरिंगनंतर या खिडक्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या बारीक कानशीने किंवा दगडाने किंचित गोलवल्या नाहीत तर रिंग कडेला अडकून पहिल्या तासाभरात तुटते आणि नव्या सिलिंडरचे वाटोळे करते. ऑइल इंजिनाच्या सवयीचा मिस्त्री नेमकी हीच पायरी विसरतो, कारण त्याच्या लायनरला खिडक्या नसतात. मर्क्युरीच्या काही जुन्या ब्लॉकांत हेड वेगळे नसून सिलिंडर एका टोकाला बंदच असतो. तिथे बोरिंगचे हत्यार आरपार जात नाही आणि काम सराईत माणसाकडेच द्यावे लागते.

शेवटी होनिंग. दगडाने भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा काढतात, त्यांत तेल टिकते. नंतर सिलिंडर गरम पाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरने धुवायचा. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसला तर दगडाची भुकटी रेघांमध्येच राहते. पांढरे फडके तेलात बुडवून फिरवल्यावर काळे येणे बंद झाले की धुणे पुरे.

बोर करण्याइतकी जाडी उरली नसेल तर स्लीव्ह. ब्लॉक भट्टीत १५० ते २०० अंशांपर्यंत तापवायचा, नवी स्लीव्ह कोरड्या बर्फात किंवा फ्रीजरमध्ये आकसू द्यायची आणि एका दमात बसवायची. बसताना खिडक्या नेमक्या जुळल्या पाहिजेत; एकदा पकडली की स्लीव्ह फिरत नाही. ब्लॉक ओततानाच आत धरलेली मूळ स्लीव्ह काढायची म्हणजे ती आतून कापून संपवावी लागते, आणि मोटरच्या किमतीपेक्षा हे काम महाग पडू शकते. दुर्मिळ मोटर असेल तरच ते करावे.

तडे

तडा शोधायला लाल डाय आणि पांढरी पावडर हे स्वस्त साधन आहे: डाय तड्यात शिरतो, पुसल्यावर पावडरीवर लाल रेघ उमटते. पाण्याच्या वाटा तपासायला सगळी भोके रबर आणि लोखंडी पट्ट्यांनी बंद करून ब्लॉकमध्ये साधारण एक बार दाबाची हवा भरतात आणि कोमट पाण्यात बुडवतात. बुडबुडे खोटे बोलत नाहीत.

बिडाला वेल्ड करताना मुख्य अडचण अशी की वेल्डच्या कडेचे बीड झटकन निवते, कडक होते आणि नवा तडा जुन्याच्या शेजारी पडतो. म्हणून एकतर संपूर्ण भाग ५५० ते ६५० अंशांपर्यंत तापवून वेल्ड करायचा आणि चुन्यात किंवा राखेत पुरून रात्रभर हळूहळू निवू द्यायचा. किंवा निकेलच्या रॉडने दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे टाके घालत, प्रत्येक टाका हातोडीने ठोकत, हात लावता येईल इतका गार झाल्यावरच पुढचा घालायचा. पाण्याच्या भिंतीसाठी पितळ भरणे हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. तिसरी रीत थंड टाक्यांची: तड्याच्या दोन्ही टोकांना भोके पाडून तो थांबवायचा आणि तड्याच्या रेघेवर एकमेकांत गुंतणारे आट्यांचे खिळे ओळीने बसवायचे. उष्णता नसल्यामुळे ब्लॉक वाकत नाही. वेळ मात्र खूप लागतो.

ॲल्युमिनियमसाठी आर्गॉन वेल्डिंग. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांनंतर वितळतो आणि खालचा धातू ६६० ला, त्यामुळे साफसफाई अपुरी असेल तर धातू आतून ओघळतो आणि वरची साल तशीच राहते. शिवाय जुन्या ओतीव भागात वर्षानुवर्षे तेल आणि मीठ मुरलेले असते. पहिल्यांदा वेल्ड केल्यावर काळे बुडबुडे येतात, ते घासून काढून पुन्हा भरावे लागते, कधी तीनदा. एमसीलसारखा लेप पाण्याच्या बाहेरच्या झाकणावर चालतो. सिलिंडर, हेड किंवा धूर जाण्याच्या वाटेजवळ त्याचा उपयोग शून्य, आणि नंतर आर्गॉनवाल्याला तो आधी खरवडून काढावा लागतो तो मनस्ताप वेगळा.

जोडणी

हेडचा पृष्ठभाग तपासायला जाड काच पुरते. काचेवर पॉलिश पेपर पसरून हेड इंग्रजी आठच्या आकारात फिरवले की उंच भाग आधी चमकतात. सगळीकडे सारखी चमक आली की काम झाले.

ब्लॉक आणि क्रँककेसचे झाकण यांची जोडी कारखान्यात एकत्र कापलेली असते. क्रँकची बेअरिंगे बसण्याची भोके दोन्ही भाग जोडूनच पाडलेली असतात, म्हणून एका मोटरचे झाकण दुसऱ्या ब्लॉकला, अगदी त्याच मॉडेलच्या, लावता येत नाही. या सांध्यात पॅकिंगही घालत नाहीत. पॅकिंगच्या जाडीइतके भोक लंबगोल होते. हवा बंद झाल्यावर घट्ट होणाऱ्या सीलंटचा पातळ थर, तोही बेअरिंगच्या बैठकीपासून दूर. दोन सिलिंडरमधल्या कप्प्यांचे सील हाही कमजोर दुवा. एका सिलिंडरच्या क्रँककेसमधून दुसऱ्यात हवा गळली तर मोटर एका सिलिंडरवर चालते आणि माणूस दोन दिवस कार्ब्युरेटर उघडत बसतो.

सुरुवातीला मोटर पाण्याच्या ड्रममध्ये चालवतात. पाण्याबाहेर काही सेकंदही चालवली तर इंपेलर जळतो. पहिल्या काही तासांत नेहमीच्या दुप्पट तेल: ज्या मोटरला पन्नासाला एक लागते तिला पंचविसाला एक. सीगलसारख्या साध्या बुशच्या मोटरींना मूळचेच जास्त लागते, ते कमी करण्याचा मोह टाळावा. दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असले की बोरिंग जमले.

कोठारातले महिने

पुरात मोटर बुडाली तर पाण्यातून काढल्यावर दोन-तीन तासांत प्लग काढून पाणी निथळवून, तेल घालून, सुरू करायला हवी. ते शक्य नसेल तर ती हवेत ठेवण्यापेक्षा गोड्या पाण्यातच बुडवून ठेवणे बरे. विचित्र वाटले तरी कारण साधे आहे: ओल्या बेअरिंगला आणि सिलिंडरला हवा मिळाली की गंज काही तासांत धरतो. चालू असताना बुडाली असेल तर मात्र आत शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आपटून रॉड वाकलेला असू शकतो. ती हाताने हळू फिरवून पाहावी आणि कुठे अडत असेल तर थांबावे.

पूर ओसरल्यावर मोटर स्वच्छ पाण्यावर चालवून गाळ धुवायचा, चालू असतानाच इंधनाची नळी काढून कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्यायचा, प्लगच्या भोकातून तेल घालून दोरी दोन-तीनदा ओढायची. मोटर उभी ठेवायची, म्हणजे पाणी आपोआप खाली निथळते. सध्या पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा ओढते, साठवणीत पाणी खाली वेगळे बसते आणि जुन्या मोटरींच्या रबरी नळ्या व जस्ताच्या कार्ब्युरेटरला ते बाधते. म्हणून टाकीत मागच्या मोसमाचे पेट्रोल ठेवू नये. महिन्यातून एकदा ड्रममध्ये दहा मिनिटे चालवलेली मोटर वर्षभर न हललेल्या मोटरपेक्षा जास्त टिकते.

मे महिन्यात इंपेलर बदलायचा, जुना झिजलेला दिसो वा न दिसो. गिअरचे तेल बदलताना त्यात दुधी छटा दिसली तर सील गेले. बळी तुकडे अर्धे झाले असतील तर नवे लावायचे. पुराच्या पाण्यात झाडांचे ओंडके वाहत येतात आणि पंख्यावर आदळतात. जुन्या मोटरींत तो धक्का मऊ धातूची शिअर पिन तुटून झेलते आणि गिअर वाचतात. योग्य मापाच्या दोन-तीन पिना, पक्कड आणि जादा प्लग बोटीतच बांधून ठेवायचे असतात, कोठारात नाही.